पुढची चाकं

रस्ता चांगला करायचा म्हणून त्यांनी होता तो रस्ता उखडला आणि पाऊस लागल्यावर निघून गेले. राजूरहून वर कातळवाडीला येणारा जुना डांबरी रस्ता खड्ड्यांचा होता, पण रस्ता होता. उन्हाळ्यात ठेकेदाराची मशिनं आली, डांबर खरवडलं, तांबडी माती ओतली, कडेला दगडांचे ढीग लावले आणि आषाढ लागताच मशिनं खाली उतरली. पाटी तेवढी राहिली. तिच्यावर काम प्रगतिपथावर असल्याचं लिहिलं होतं. पाटी खरी होती, कारण माती रोज थोडी थोडी दरीकडे प्रगती करतच होती.

वाडीतल्या बाकीच्या घरांना त्या रस्त्याचा वैताग होता. सुनीलच्या घराला भीती होती. त्याची आई रंगुबाई हिला मंगळवारी आणि शुक्रवारी संगमनेरच्या दवाखान्यात मशीनवर न्यावं लागायचं. दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं. एक वार चुकला की अंगात पाणी साठायचं, घोट्यांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. दोन वार चुकले तर काय होईल ते डॉक्टरांनी सुनीलला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्याने ते घरी कुणाला सांगितलं नव्हतं, पण न सांगितलेलं घरात सगळ्यांना माहीत असतं.

दिवसभराचं पाणी सून ज्ञानेश्वरी एका तांब्यात भरून ठेवायची. तांब्या रिकामा झाला की झाला. बाहेर पागोळ्या धो धो गळायच्या आणि रंगुबाई दाराशी बसून ओठ चाटत त्या पाण्याकडे बघत राहायची. डाव्या हाताची नस डॉक्टरांनी मशीनसाठी जोडून मोठी केली होती, ती कातडीखाली सारखी घुरघुरायची. तो हात ती पदराखाली धरून ठेवायची, कुणी बघू नये म्हणून.

"मला नगा नेऊ आता," ती दर खेपेला म्हणायची. "पिकलं पान हाय. माज्यापायी तुमी कशाला रक्ताचं पानी करता?"

"आये, गप बस," सुनील म्हणायचा.

माणसं भरून वर येणारी वडापची जीप बंद झाली तेव्हा सुनीलने दावणीच्या दोन म्हशी दिल्या आणि संगमनेरकडची एक जुनी जीप आणली. साधी जीप नव्हे, फोर बाय फोर. मोठ्या गिअरच्या दांडीशेजारी आखूड दांडी होती. ती ओढली की चारी चाकं जोर लावतात, मग गाडी कुठंच अडकत नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. विकणारा माणूस म्हैस विकताना तिच्या दुधाबद्दल जसं बोलतो तसं बोलला होता आणि सुनीलने ऐकून घेतलं होतं. घरी आणण्याआधी त्याने ती राजूरच्या रंगाऱ्याकडून निळी करून घेतली. टप, दारं, बंपर, चाकांच्या मधल्या वाट्या, सगळं निळं. रंगाऱ्याने आपलेपणाने एक हात जास्तच मारला. रंगुबाईने नव्या गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबरं वाटलं.

पहिला मंगळवार. पहाटेपासून झिमझिम चालू होती. वाडी सोडली की आधी पठारावरचा चिखल लागतो, मग मोठी उतरण, तिला सगळे तांबडी उतरण म्हणतात, आणि तिच्या पायथ्याला डांबर. रंगुबाई पुढे सुनीलच्या शेजारी बसली, ज्ञानेश्वरी मागे, मांडीवर दवाखान्याची पिशवी. पठारावरच्या चिखलात मध्यावर गाडी मंदावली. सुनीलने जोरात रेस दिली. मागची चाकं जागीच गरगरली आणि गाडी एका अंगाला बसली.

"थांब, आता बघ," सुनील म्हणाला. त्याने थाटात आखूड दांडी ओढली. पुन्हा रेस. मागून चिखलाचा फवारा उडाला, जीप आणखी खाली गेली.

"रेस कमी करा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "खड्डा पडतोय नुसता."

"तू उतर. मागून लाव जोर."

ज्ञानेश्वरी उतरली. साडी वर खोचली, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहिली आणि खांदा लावला. ती कोपरगावकडची, उसाच्या मुलखातली. काळ्या रानात रुतलेले ट्रॅक्टर तिने लहानपणापासून बघितले होते. जोर लावता लावता तिने मान वाकडी करून पुढे बघितलं आणि जोर सोडून दिला.

"अवो, पुढची चाकं फिरतच न्हाईत."

"दांडी लावलीया की!"

"लावली आसंल. चाकं गप उभी हायत. आमच्याकडं ट्रॅक्टर रुतला की आदी चाकाकडं बघत्यात."

"तुमच्याकडचं तुमच्याकडं ठेव," सुनील ओरडला. "ही जीप हाय. ट्रॅक्टर न्हाई."

नवरा चिडला की ज्ञानेश्वरी वाद घालत नसे. भांडायला तिच्याकडे शब्द भरपूर होते, पण सासू गाडीत होती आणि घड्याळ चालू होतं. तिने पुन्हा खांदा लावला. जीप हलली नाही. शेवटी वाडीतून कल्याण बैलजोडी घेऊन आला. कल्याण त्यांचाच शेजारी, मनाने चांगला, जिभेने वाईट. त्याने दोर बांधला आणि फोर बाय फोर जीप दोन बैलांनी ओढून काढली.

"आता सा पायाची झाली तुजी गाडी," तो म्हणाला. "चार चाकं तुजी, दोन बैलं माजी."

सुनीलने वाकून दोर सोडला. त्याच्या तोंडावर चिखल होता ते बरं झालं. संगमनेरला पोचेपर्यंत रंगुबाईची वेळ निघून गेली होती. मशीनच्या खोलीतल्या सिस्टरने सगळ्यांसमोर सांगितलं, पेशंटची काळजी नसेल तर आणता कशाला. दुसऱ्या पेशंटनंतर उरलेल्या वेळात रंगुबाईला अर्धवट लावलं. परत येताना ती वाटभर डोळे मिटून बसली होती आणि सुनीलला वाटत होतं की ती मुद्दाम डोळे उघडत नाही.

रात्री जेवताना ज्ञानेश्वरी भाकरी वाढत म्हणाली, "राजूरच्या फक्रुद्दीनचाचांना दाखवा एकदा. त्यांनी जलमभर जीपा चालवल्यात."

"त्यो म्हातारा हासंल मला."

"हासू द्या. हासून काय आत्यांच्या अंगातलं पानी वाढतंय?"

फक्रुद्दीन हसला, आणि चांगला पोट धरून हसला. राजूरच्या बाजारपेठेच्या टोकाला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. गॅरेज आता त्याचा मुलगा अमीर बघायचा आणि म्हातारा खुर्चीत बसून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवायचा. सुनील बोलत होता तेव्हा त्याचं लक्ष चाकांकडे होतं.

"अमीर, पाना आन आनि थोडं थिनर," तो म्हणाला. "ह्यानं नवरीचे डोळेच रंगवलेत."

अमीरने पुढच्या चाकाच्या मधल्या वाटीवरचा निळा रंग खरवडला. खालून एक फिरती चकती निघाली, तिच्यावर बाण आणि दोन खुणा. फक्रुद्दीन खुर्चीतून उठला, गुडघ्यावर हात टेकत वाकला.

"ही मोकळी खूण, ही बांधलेली. मोकळी आसंल तर आतून दांडी ओढून काय बी फायदा न्हाई. जोर हितपर्यंत येतो आनि हितंच मरतो. चाक नुसतं वरात बघायला आल्यागत उभं. गाडीतनं उतरून दोन्ही अंगाची चकती हातानं बांदायची, मग दांडी."

सुनीलने मान खाली घातली. ज्ञानेश्वरी गाडीत नव्हती तरी त्याला ती शेजारी उभी असल्यासारखं वाटलं.

"कवा लावायची दांडी?" त्याने विचारलं.

"तू कवा लावली?"

"रुतल्यावर."

"मेल्यावर औषध पाजलं म्हन की. चिखल दिसला की थांबायचं. उतरायचं, बघायचं, चाकं बांदायची, दांडी लावायची आनि मगच आत शिरायचं. शिरल्यावर रेस वाढवायची न्हाई, थांबायचं न्हाई. माणूस चालतो तेवढ्या चालीनं. गाडीला जमिनीचा हात धरू द्यायचा. तू रेस दिली की ती हात झटकती."

"आनि उतारावर?"

"उतारावर लो, म्हंजी चाल कमी, जोर जास्त. दांडी पार मागं, पयला गिअर, आनि ब्रेक विसरायचा. क्लच त्याच्या आधी विसरायचा. इंजनच गाडी धरतं." म्हातारा खुर्चीत परत बसला. "पर तुला ते जमायचं न्हाई. घाबरला की माणसाचा पाय ब्रेकवर जातोच. माजा बी जायचा."

आतून त्याची बायको खातून चहा घेऊन आली. सुनीलच्या आईची चौकशी केली आणि म्हणाली, "ह्यांचं आयकून घ्या, पर ह्यांच्या गाड्या मी किती वेळा दोरानं ओढल्यात ते बी इचारा." फक्रुद्दीनने तिच्याकडे न बघता चहाची बशी तोंडाला लावली.

शुक्रवारी सुनील चिखलाच्या अलीकडे थांबला. उतरला, डाव्या चाकाची चकती फिरवली, उजव्या चाकाची फिरवली, वर चढला, आखूड दांडी ओढली. ज्ञानेश्वरी मागून वाकून पुढच्या चाकाकडे बघत होती. गाडी हळूहळू चिखलात शिरली. मध्यावर ती मंगळवारच्या खड्ड्याजवळ डगमगली, पुढची चाकं ओढ घेताना स्टिअरिंगमधून तळहाताला जाणवली आणि जीप पलीकडे निघाली.

"फिरली," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"मग? फिरनारच," सुनील म्हणाला, जणू चकतीचा शोध त्यानेच लावला होता. रंगुबाईच्या ओठांच्या कडेला बारीकसं हसू आलं आणि तिने ते पदराने पुसलं. उतरणीची माती अजून घट्ट होती. लो वगैरेची गरज पडली नाही, ब्रेकवर ब्रेकवर गाडी खाली आली.

नव्याची नवलाई माणसाला डोकं वापरू देत नाही. सुनीलला दांडी इतकी आवडली की डांबर लागलं तरी त्याने ती काढली नाही. चार चाकं दोनापेक्षा बरीच की, असा त्याचा हिशोब. राजूरमध्ये बाजारपेठेच्या वळणावर त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडीला कुणी मागून धरल्यासारखं झालं. चाकं डांबरावर करकरली, जीप दोन हिसके देऊन आडवी बंद पडली. मागे दुधाचा टेम्पो, त्याच्यामागे एस.टी., पुढे भाजीवाल्या बायका. सुनील दोन्ही हातांनी दांडी ओढत होता आणि दांडी निघत नव्हती.

"पेट्रोल संपलं का रं?" कुणीतरी विचारलं.

"डिझेलची हाय ती," दुसऱ्याने शिकवलं.

एस.टी.चा हॉर्न थांबेना. घामाने सुनीलचा शर्ट पाठीला चिकटला. रंगुबाईने खिडकीतून बाहेर बघणं सोडून पदर डोक्यावरून पुढे ओढला. गॅरेजच्या दारातून फक्रुद्दीन ओरडला, "ओढू नको! मोडशील! स्टेरिंग सरळ कर, मागं घे थोडी, सरळ मागं!"

सुनीलने स्टिअरिंग सरळ केलं आणि गाडी मागे घेतली. काहीतरी खटकन सुटलं आणि दांडी हाताला लोण्यासारखी आली. लोक हसले. हसणाऱ्यांत भाजीवाली गोजरबाईही होती, जी त्याच्या आईची मामेबहीण लागायची. फक्रुद्दीन काठी टेकत जवळ आला.

"डांबराला चिखल समजला व्हय? वळताना पुढची चाकं लांबून जात्यात, मागची जवळून. चिखलात घसरून भागतं. डांबर घसरू देतंय का? मग सगळा ताण दांडीत जाऊन बसतो. चिखल संपला की दांडी काढायची, बाबा. जिथं तिथं जोर दाखवायचा नसतो."

"कळलं," सुनील म्हणाला.

"न्हाई कळलं. पर कळंल."

त्या दिवशी मशीनची वेळ सापडली. तीन-चार खेपा अशाच पार पडल्या. सुनील चिखलाआधी उतरायचा, डांबराआधी उतरायचा, चकत्या फिरवायचा. ज्ञानेश्वरीही डाव्या बाजूची चकती आपणहून फिरवू लागली. घरात कुणी मोकळं बोलत नव्हतं, पण सगळ्यांचा जीव जरा खाली बसला होता. आणि मग भाद्रपदात पावसाने ठाण मांडलं.

मंगळवारी सकाळी समोरचा डोंगर दिसेना. घराच्या मागची भाताची खाचरं एकमेकांत मिसळून गेली होती. कल्याण उतरणीपर्यंत चालत जाऊन आला आणि अंगणातूनच म्हणाला, "जाऊ नका. वरून पानी उतरणीवरनंच चाललंय. जीप काय, बकरी बी जायची न्हाई." सुनीलने गाडी काढली नाही. रंगुबाईच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. "बरं झालं," ती म्हणाली. "देवानंच थांबवलं."

बुधवारी घोट्यांची सूज पोटऱ्यांवर चढली. गुरुवारी चेहरा सुजला, डोळे बारीक झाले. रात्री तिला आडवं होता येईना. पाठीला गोधड्यांचा ढीग लावून ती बसून राहिली, तोंड उघडं, प्रत्येक श्वासाला घशात बुडबुड. ज्ञानेश्वरी तिचे पाय मांडीवर घेऊन बसली. सुनील ओसरीवर पावसाचा आवाज ऐकत फिरत होता. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलेलं सगळं आता घरात उघड्यावर आलं होतं. एकदा त्याने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडचा माणूस नीट बोलला. पायथ्यापर्यंत गाडी येईल, म्हणाला, वर येणार नाही. पेशंट खाली आणा.

शुक्रवारी उजाडताना पाऊस थोडा उघडला.

"काढा गाडी," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"उतरणीवर काय आसंल, ठाव न्हाई."

"हितं काय हाय ते ठाव हाय की."

रंगुबाईने हात हलवला. बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. "मला... न्हाई जायचं. हितं मरू द्या. तुमी जिवानिशी... ऱ्हावा."

सुनील तिच्याजवळ वाकला. त्याने तिला उचललं. ती नेहमीपेक्षा जड लागली. ते वजन पाण्याचं होतं हे त्याला कळत होतं.

पठारावरचा चिखल पार झाला. उतरणीच्या माथ्यावर त्याने जीप थांबवली आणि दोघं खाली उतरून बघायला गेली. तांबड्या मातीवर पाण्याने बोटभर जाड गुळगुळीत थर आणून ठेवला होता. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला ठेकेदाराचे दगडांचे ढीग आणि ढिगांच्या मधल्या फटींतून दिसणारी दरी. खाली पायथ्याशी पांढरी अॅम्ब्युलन्स आलेली दिसत होती, खेळण्याएवढी.

"आत्यांना पाठकुळी नेऊ?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

सुनीलने दोन पावलं टाकून बघितली. तिसऱ्याला तो बसकण मारून घसरला आणि हाताने माती धरत थांबला. पाठीवर आजारी माणूस घेऊन तिथून उतरणं होणार नव्हतं.

त्याने दांडी पार मागे ओढून लो लावलं. पहिला गिअर टाकला. ब्रेक विसरायचा, क्लच त्याच्या आधी विसरायचा, तो मनात घोकत होता. जीप माथ्यावरून पुढे झुकली आणि समोर एकदम रस्त्याऐवजी आभाळ दिसलं, मग नुसती तांबडी माती. इंजिन घरघरलं. गाडी खरोखरच आपली आपण धरून उतरत होती, चालत्या माणसाच्या चालीने. जरा वेळ सगळं ठीक होतं. मग पुढचं उजवं चाक पाण्याच्या एका ओघळीत गेलं, जीपला धक्का बसला आणि सुनीलचे दोन्ही पाय खाली गेले. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर.

चाकं थांबली. गाडी थांबली नाही. ती थांबलेल्या चाकांवर घसरत चालली, मागचा भाग हळूहळू दरीच्या बाजूला फिरू लागला. ज्ञानेश्वरी मागे किंचाळली. मागचं चाक दगडांच्या ढिगाला धडकलं, वरचे दगड सुटून खाली गेले. ते आपटल्याचा आवाज बराच उशिरा आला. जीप तिरकी उभी राहिली.

सुनीलचे दोन्ही पाय पेडलवर इतके दाबलेले होते की मांड्या उडत होत्या.

ज्ञानेश्वरी मागून उतरली. गाडीला धरत धरत मागच्या चाकाशी गेली आणि परत पुढे खिडकीशी आली.

"ढीग सुटतोय खालनं," ती म्हणाली. "हितं थांबून न्हाई भागायचं. क्लच सोडा. ब्रेक सोडा. पुढं घ्या."

"सोडला की जाईल."

"न्हाई जायची. मगाशी आपली आपन उतरत हुती की न्हाई? तुमी पाय लावला म्हनून घसरली."

"माजा पाय उचलंना, ज्ञाने." त्याच्या आवाजात रडू होतं आणि त्याला त्याची लाज वाटायलाही वेळ नव्हता. "मी सांगतोय त्याला. उचलंना."

"आत्या, तुमी तरी उतरा खाली," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि त्या बाजूचं दार उघडायला गेली. दार उघडलं तसा मागून आणखी एक दगड गेला आणि गाडी टीचभर हलली. रंगुबाईने दोन्ही हातांनी समोरची लोखंडी पट्टी धरली. सुजलेले डोळे तिने पूर्ण उघडले. गेलं वर्षभर मरू द्या मरू द्या म्हणणारी ती बाई ओरडली. तिला श्वास नव्हता तरी ओरडली.

"सुन्या! मला मरायचं न्हाई!"

सुनीलने वळून बघितलं.

"मला न्हाई मरायचं," ती धापा टाकत म्हणाली. "आयकलं का? पाय वर घे. मांडी घाल."

"आये, काय बोलतीस..."

"जेवायला बसल्यागत... मांडी घाल म्हनते! पाय खाली न्हाईच... तर दाबतील काय?"

असल्या वेळीही माणूस आईचं ऐकतो, कारण तिचं ऐकायची सवय पायांना डोक्याच्या आधीची असते. सुनीलने स्टिअरिंग सरळ केलं. डावा पाय हळूहळू वर आणला. क्लच सुटला, इंजिन गुरगुरलं, गाडीला खालून धक्का बसला. त्याने तो पाय सीटवर दुमडून घेतला. मग उजवा. ब्रेकवरून पाय निघताना त्याने डोळे मिटले आणि लगेच उघडले. पाय दुमडून त्याने मांडीखाली दाबला. मांडी अर्धवटच झाली, गुडघा स्टिअरिंगला घासत होता.

जीप पुढे सरकली. पुढच्या चाकांनी ओढ घेतली, मागचा भाग ढिगापासून सुटला आणि हळूच सरळ झाला. मागे दगड घरंगळत गेले. गाडी चालत्या माणसाच्या चालीने उतरू लागली. ज्ञानेश्वरी डोंगराच्या अंगाने घसरत, धरत, जीपच्या बरोबरीने खाली येत होती आणि सारखी म्हणत होती, "आसंच. आसंच. पाय खाली नगा सोडू." ओघळ आली की सुनीलच्या मांड्या आपोआप ताठ व्हायच्या. रंगुबाईने अंग वळवून तो घुरघुरणारा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला होता आणि गुडघा वरून दाबून धरला होता. तिच्या नसेची घरघर आणि इंजिनाची घरघर त्याला एकाच वेळी कळत होती.

डांबर लागलं तेव्हा त्याला आधी समजलंच नाही. ज्ञानेश्वरीने बॉनेटवर थाप मारली तेव्हा त्याने पाय खाली सोडले. त्यांना मुंग्या आल्या होत्या. ब्रेक दाबायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

अॅम्ब्युलन्सवाला स्ट्रेचर घेऊन आला. त्याने उतरणीकडे बघितलं, मग निळ्या जीपकडे, आणि काही न विचारता रंगुबाईच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. सुनील गाडीला टेकून उभा राहिला. त्याला रडू आलं आणि या वेळी ते आवरायचं त्याला सुचलं नाही. ज्ञानेश्वरी जवळ आली. तिचे दोन्ही तळहात सोलवटले होते. तिने ते साडीला पुसले आणि त्याच्या पाठीवर ठेवले.

"तुमी जावा आत्यांबरं," ती म्हणाली. "मी गाडी बघते."

स्ट्रेचर आत सरकवताना रंगुबाईने बोटाने सुनीलला बोलावलं. तो वाकला. तिने नळी जरा बाजूला केली. अॅम्ब्युलन्सवाला नको नको म्हणाला, तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"मंगळवारी," ती म्हणाली, श्वास घेतला, आणि पुढचं बोलली, "जरा लवकर निघू. आज उशीर केला तुमी."